अर्ध्या तासाची सवय

पंधरा वर्षं मी साधं रेग्युलर इन्सुलिन घेतलं. देवघरात एकट्यानं टोचायचं आणि जेवायला अर्ध्या तासानं बसायचं. तेवढ्यात उदबत्ती लावून व्हायची, पेपरातलं राहिलेलं वाचून व्हायचं. भाकरी थोडी मागंपुढं झाली तरी सहसा निभावून जायचं. मला वाटायचं, आपण फार शिस्तीचे.

उन्हाळ्याच्या तोंडावर डॉक्टरांनी लिस्प्रो इन्सुलिनचं पेन दिलं. "हे दहा-पंधरा मिनिटांत कामाला लागतं. ताट समोर आल्याशिवाय टोचायचं नाही," असं बजावलं. मी मान हलवली. जन्मभर शाळेत शिकवलं. न ऐकता हलणारी मान कशी असते हे मला ठाऊक असायला हवं होतं.

मे महिन्यातली दुपार. परभणीत पारा ४४ वर. पेनाची चकती कट-कट फिरवून आठ युनिट घेतले आणि सवयीनं उदबत्तीकडं वळलो. स्वयंपाकघरात भाकरी थापल्याचा आवाज येत होता, म्हणून निर्धास्त. थोड्या वेळानं घाम फुटला. ऊनच असेल, म्हटलं. मग पेनाला टोपण बसेना. हात थरथरत होते. सून दारातून डोकावली, माझा चेहरा पाहिला आणि काही न विचारता पेल्यात तीन चमचे साखर विरघळवून घेऊन आली. "मामा, आधी हे प्या." बोट टोचून पाहिलं तर साखर ५४. सत्तरच्या खाली गेली की कमीच.

पंधरा मिनिटांनी ८६ झाली, जरा हुशारी आली आणि माझ्या तोंडून पहिलं वाक्य निघालं, "भाकरीला एवढा वेळ लागतो का?"

ती गप्प राहिली. तव्यावरची भाकरी करपली होती. परभणी मोती ज्वारीची, आमच्याच शेतातली. माझ्यासाठी धावली म्हणून करपली.

आठवड्यानं डॉक्टरांना सांगितलं, "हे औषध मला मानवत नाही. उन्हानं बिघडलं असेल." ते म्हणाले, "बिघडलं असतं तर जोर कमी झाला असता. साखर वाढली असती, उतरली नसती." साखर लिहायच्या माझ्या वहीत त्या दुपारची ओळ कोरीच होती.

औषधानं त्याचं काम चोख केलं होतं. इन्सुलिनच्या साखळीतल्या दोन शेजारच्या कड्यांची अदलाबदल केली, म्हणून १९९६ साली हे लवकर रक्तात उतरणारं औषध बाजारात आलं. मला मात्र टोचणं आणि उदबत्ती यांचा क्रम बदलता आला नाही.

का नाही, हे खोदून पाहिलं तर सवय वरवरची निघाली. खाली लाज होती. ताटावर बसून, नातवंडांसमोर सदरा वर करून टोचायचं. त्याआधी "वाढ गं" म्हणून सुनेच्या हाताकडं बघत बसायचं. घरातल्या कर्त्या माणसाला ते कमीपणाचं वाटत होतं. देवघराचा आडोसा मला देवासाठी नकोच होता.

आता पेन ताटाशेजारी असतं. भाकरी पडली की टोचतो. वहीत ५४ लिहिला, पुढं कारणही: 'आधी टोचलं, सांगितलं नाही.' सुनेला मात्र हे अजून तोंडानं म्हणालेलो नाही. ताट वाढताना ती रोज दोनदा समोर असते.