वारस आणि साक्षीदार

विलायतेत जुन्या मोटारींचे लिलाव होत असतात. त्यांच्या सूचिपत्रांत काही गाड्यांच्या वर्णनाखाली एक लांबलचक यादी छापलेली आढळते: अमुक साली अमुक रॅलीत ही गाडी उतरली, अमक्याने ती हाकली, तिचा इतकावा क्रमांक आला, किंवा अमुक घाटात ती उलथून बाद झाली. या यादीस तिकडे गाडीचा ‘स्पर्धा-इतिहास’ म्हणतात आणि गाडीची किंमत मुख्यत्वे तिच्यावरच ठरते. त्याच सालची, त्याच घडणीची, एखाद्या शाळामास्तराने जन्मभर वापरलेली गाडी एका भावाने जाते, व कारखान्याच्या संघाकडून धावलेली गाडी तिच्या कित्येक पटींनी जाते. हा जो अधिक पैसा गिऱ्हाईक मोजते तो लोखंडाचा नव्हे, भूतकाळाचा होय. मात्र यादीच्या शेवटी पुष्कळदा एक बारीक ओळ असते, की गाडीची नव्या कवचावर पुनर्बांधणी झालेली आहे. ती ओळ वाचली म्हणजे, ज्यांचा मोटारींशी आगगाडी चुकल्यापुरताच संबंध येतो अशा आमच्यासारख्यांसही प्रश्न पडतो, की मग वरची यादी कोणाची?

हा प्रश्न शौकिनांचा आहे असे समजून वाचकांनी पान उलटू नये. एखाद्या वस्तूला भूतकाळ असतो म्हणजे नेमके काय असते, व तो एका वस्तूवरून काढून दुसरीवर चढविता येतो काय, हा विचार देवळांना, घराण्यांना, किंबहुना जुन्या संस्थांनाही लागू आहे. मोटारीचे उदाहरण आम्ही घेतो ते इतक्याचसाठी, की तेथे भावनेची धूळ कमी व हिशेब अधिक असल्यामुळे प्रश्नाची हाडे स्पष्ट दिसतात.

ऑक्सफर्डजवळ अ‍ॅबिंग्डन येथे ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचा स्पर्धा-विभाग होता. तो 1970 साली बंद झाला. या विभागाच्या मिनी कूपर एस नावाच्या चिमुकल्या गाड्यांनी माँटे कार्लोची रॅली तीनदा जिंकली. 1964 साली पॅडी हॉपकर्क व हेन्री लिडन हे मिन्स्क शहराहून निघाले व 33 ई. जे. बी. या नंबरची गाडी घेऊन प्रथम आले. 1965 साली टिमो मॅकिनेन व पॉल ईस्टर यांनी, आणि 1967 साली राउनो आल्टोनेन व पुन्हा लिडन यांनी तोच पराक्रम केला. या तिन्ही विजयी गाड्या आज गेडन येथील मोटार-संग्रहालयाच्या ताब्यात आहेत. त्यांच्याविषयी आम्हांस काही म्हणावयाचे नाही. आमचा विषय त्यांच्या इतर भगिनींचा आहे, ज्या बर्फात, चिखलात आणि खडकाळ वाटांवर त्याच संघासाठी राबल्या, मोडल्या, पुन्हा उभ्या राहिल्या, आणि शेवटी खाजगी गिऱ्हाइकांस विकल्या गेल्या.

येथे मिनीच्या घडणीविषयी थोडे सांगितले पाहिजे. जुन्या पद्धतीच्या मोटारीस खाली चासी व वर बॉडी असे दोन निराळे भाग असत. बॉडी गेली तरी चासी उरे, आणि ‘हीच ती गाडी’ असे म्हणावयास आधार राही. मिनीत असा भेद नाही. तिचे पत्र्याचे कवच हेच तिची कातडी व हेच तिची हाडे. एंजिन, चाके, सुकाणू ही सारी त्या कवचावर टांगलेली असतात. आता रॅलीत सर्वांत लवकर जे निकामी होते ते नेमके हे कवच. एखाद्या दगडावर आपटून ते वाकले, की सरळ करीत बसण्यापेक्षा नवे आणणे सोपे. अ‍ॅबिंग्डनचे कारागीर तसेच करीत. नवे कवच आणीत, उपयोगी भाग त्यावर चढवीत, आणि नंबरची पाटी व नोंदणीचे कागद जुनेच चालू ठेवीत. त्यात कपट नव्हते. कागदपत्रे तयार असलेला नंबर हाताशी ठेवणे त्यांस सोयीचे होते, व गाडी हे त्यांचे हत्यार होते; सुतार रंध्याचे पाते बदलताना त्याचे बारसे करीत नाही. जुनी कवचे कोणाला तरी दिली जात, विकली जात, आणि त्यांतील काही दुरुस्त होऊन पुन्हा रस्त्यावर येत. पन्नास वर्षांनी त्याच हत्याराचा अवशेष झाला, आणि मग एकीकडे पाटी व कागद, दुसरीकडे प्रत्यक्ष त्या बर्फातून गेलेला पत्रा, असे दोन दावेदार उभे राहण्याची सोय आपोआपच होऊन बसली.

गाडीचे भाग बदलतात ते रॅली संपल्यावरच असेही नाही. 1968 च्या नोव्हेंबरात लंडनहून सिडनीस जाणारी जी प्रचंड शर्यत निघाली, तिचा पहिला अर्धा भाग आमच्या मुंबईस संपला. तेथून ‘चुसान’ नावाच्या आगबोटीवर चढवून गाड्या ऑस्ट्रेलियात फ्रीमँटलला नेल्या गेल्या. मुंबईस पोहोचली तेव्हा रॉजर क्लार्कची लोटस कॉर्टिना आघाडीवर होती. पुढे ऑस्ट्रेलियात तिचे एंजिन बिघडले, तेव्हा त्याच संघाच्या दुसऱ्या कॉर्टिनाच्या एंजिनाचा माथा काढून तिला बसविला. नंतर डिफरन्शियल गेले, तेव्हा वाटेत भेटलेल्या एका कॉर्टिनाच्या मालकाचे मन वळवून त्याच्या गाडीचे घेतले. इतके होऊन ती दहावी आली, आणि सिडनीस पोहोचलेली गाडी मुंबईस आलेली गाडी नव्हे अशी तक्रार कोणी केली नाही. ती करणे हास्यास्पद झाले असते.

यावर तत्त्वज्ञ मंडळी म्हणतील, की हे कोडे जुनेच आहे. अथेन्सच्या लोकांनी थीसियसचे गलबत जपून ठेवले होते. कुजलेल्या फळ्या काढून नव्या बसविता बसविता ते तेच राहिले की नाही, यावर तेथे वाद चाले असे प्लुटार्काने लिहिले आहे. सतराव्या शतकात हॉब्जने त्यात भर घातली: काढलेल्या जुन्या फळ्या कोणी जमवून त्यांचे दुसरे गलबत उभारले तर? अ‍ॅबिंग्डनची कथा म्हणजे हॉब्जच्या कल्पनेला फुटलेली चाकेच म्हणावयाची. आपल्याकडे नागसेन भिक्षूने मिलिंद राजास रथाचाच दृष्टांत दिला होता: आस म्हणजे रथ नव्हे, चाके म्हणजे रथ नव्हे, जू म्हणजे रथ नव्हे, या सर्वांच्या आश्रयाने चालणारे ‘रथ’ हे एक व्यवहारातले नाव आहे. उत्तर फार सखोल आहे. परंतु मिलिंद राजा तो रथ विकावयास निघाला नव्हता, हे ध्यानात ठेवले पाहिजे. व्यवहारातले नाव एकदा बाजारात आले, की ते लावण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न नागसेनाच्या उत्तराने सुटत नाही. उलट तेथूनच सुरू होतो.

न्यायालयाने तो एकदा सोडविला आहे. ‘ओल्ड नंबर वन’ या नावाने प्रसिद्ध असलेली बेंटली गाडी 1929 व 1930 अशी लागोपाठ दोन वर्षे ल माँची चोवीस तासांची शर्यत जिंकली. पुढे तिच्यात फेरफार होत गेले. 1932 साली ब्रुकलंड्स येथे ती हाकीत असता क्लाइव्ह डन्फी अपघातात ठार झाला. त्यानंतर ती निराळ्याच रूपाने बांधली गेली. 1990 साली तिचा एक कोटी पौंडांस सौदा ठरला, तेव्हा खरेदीदाराने ‘ही ती गाडी नव्हे’ म्हणून हात आखडता घेतला. न्यायमूर्ती ऑटन यांनी निकाल दिला तो विकणाऱ्याच्या बाजूने. ल माँ जिंकणाऱ्या गाडीपैकी फारच थोडे उरले आहे हे त्यांनी मान्य केले. तथापि बदल होत असताना एक गाडी संपली व दुसरी सुरू झाली असे मध्ये कोठेही घडले नाही, तिचे चरित्र अखंड आहे, आणि त्या नावावर हक्क सांगणारी दुसरी कोणतीही गाडी नाही, असा त्या निकालाचा आशय.

निकाल आम्हांस योग्य वाटतो. परंतु त्याने नेमके काय ठरविले? त्याने वारसा ठरविला. आणि गिऱ्हाईक एक कोटी पौंड मोजीत होते ते वारसासाठी नव्हे, साक्षीदारासाठी. या दोन गोष्टींची सरमिसळ हेच या सगळ्या व्यवहारातले मूळ दुखणे आहे असे आमचे मत आहे.

वारसाचा अर्थ आपल्या लोकांस समजावून द्यावयास नको. दत्तक मुलगा घराण्याचे नाव लावतो, वतन घेतो, पिंडदान करतो; तो रक्ताचा नाही म्हणून त्याच्या हक्काला बाध येत नाही. 1848 साली सातारच्या महाराजांचे दत्तविधान डलहौसीने मानले नाही व राज्य खालसा केले, याला अन्याय म्हणताना आपण हेच म्हणतो, की वारसा रीतीने चालतो, रक्तानेच चालतो असे नाही. नव्या कवचास जुनी पाटी लावणे हे असेच एक दत्तविधान होय. ब्रिटनच्या वाहननोंदणी खात्याने तर बरीच वर्षे त्यासाठी गुणांचा कोष्टक चालविला होता. पुनर्बांधणी केलेल्या गाडीला जुना नंबर राखावयाचा तर आठ गुण मिळवावे लागत. चासी किंवा कवच मूळचे असो वा त्याच नमुन्याचे कारखान्यातून आलेले नवे असो, त्यास पाच. एंजिनास अवघा एक. पुष्कळांना हे कोष्टक हास्यास्पद वाटे. आम्हांस ते शहाणपणाचे वाटते, कारण हे खाते वारसच शोधीत होते आणि आपण साक्षीदार शोधीत आहो असा आव त्याने कधी आणला नाही.

परंतु दत्तक पुत्र कितीही योग्य असला, तरी पानिपतावर पणजोबा कसे लढले हे ‘मी पाहिले’ म्हणून त्यास शपथेवर सांगता येत नाही. तो सांगेल ते ऐकीव. आणि दत्तविधानाची एक अट अशी, की देणाऱ्याने दिले व घेणाऱ्याने घेतले हे चारचौघांसमक्ष व्हावे. अंधारात घेतलेला दत्तक नंतर औरस म्हणून पुढे केला, तर त्यास दत्तक म्हणत नाहीत, तोतया म्हणतात. आणि तोतयांची ओळख पेशवाईने आपल्याला पुरेशी करून दिली आहे.

कोणी म्हणेल, की असे पाहिले तर कोणतीच गाडी साक्षीदार ठरणार नाही. टायर तर एका रात्रीत चारदा बदलतात. हा आक्षेप आम्हांस जड वाटत नाही. साक्षीदाराचे दात पडले, केस पांढरे झाले, म्हणून साक्ष बाद होत नाही. तो त्या स्थळी हजर होता एवढे पुरे. गाडीचा जो भाग तेथे हजर होता, मग ते कवच असो, एखादे दार असो, की घड्याळे बसविण्याची पट्टी असो, तो तेवढ्यापुरता साक्षीदार आहे.

येथे एक गोष्ट मात्र विसरता येत नाही, व तिचा विचार शौकिनांनी कमी केलेला दिसतो. मनुष्य-साक्षीदाराला स्मृती असते, मोटारीला नसते. मोटारीची स्मृती म्हणजे तिच्यावरच्या खुणा. घाईत मारलेली वेल्डिंगची जाड शिवण, जादा दिव्यांच्या कंसासाठी पाडलेले व मग बुजविलेले भोक, खडकाने पिचलेला तळ, एका रंगाखालचा दुसरा रंग. गाडी जिंकली त्या दिवशी दिसत होती तशी चकचकीत करावयाची म्हणून आजचा कुशल कारागीर आधी नेमक्या याच खुणा घासून काढतो. काम जितके उत्तम, तितकी स्मृती साफ! आणि त्या खुणा कोणाच्या होत्या? हाकणाऱ्यांची नावे यादीत छापलेली असतात. ती कोठेही जाणार नाहीत. परंतु थंडीत कुडकुडत, रस्त्याच्या कडेला, मिनिटे मोजीत ज्या मेकॅनिकांनी तुटलेले सांधले, त्यांचे नाव कोणत्याही यादीत नसते. ती ओबडधोबड शिवण हीच त्यांची सही होती. पुनर्बांधणीत कोणाची हानी होते असे विचारले, तर फसलेल्या श्रीमंत गिऱ्हाइकाची कीव आम्हांस थोडीच येते. त्याच्याजवळ वकील असतात. हानी होते ती या माणसांची, कारण ते खरेच तेथे होते याचा एकमेव पुरावा नष्ट होतो, आणि तोही त्यांच्या कामाच्या प्रेमापोटी.

पुरी येथे जगन्नाथाच्या काष्ठमूर्ती ठरावीक योग आला म्हणजे नव्या करतात. अलीकडचा नवकलेवर 1996 व 2015 साली झाला. जुन्या मूर्तीतील ब्रह्मपदार्थ नव्या मूर्तीत ठेवला जातो आणि जुनी मूर्ती कोइली वैकुंठ नावाच्या जागी पुरली जाते. ज्या कोणी ही रीत घातली त्याला हॉब्जचे कोडे हॉब्जच्या आधीच समजले असावे. देव तेथे अखंड आहे. देह नवा आहे हे कोणापासून लपविलेले नाही. जुना देह बाजारात हिंडत नाही. अ‍ॅबिंग्डनच्या व्यवहारी माणसांनी पाटी हलविली, परंतु जुन्या कवचाला मूठमाती दिली नाही. त्यांस दोष देता येत नाही, कारण आपल्या हातून मूर्ती घडत आहेत याची त्यांस कल्पना नव्हती.

शिवाय स्पर्धा-इतिहास म्हणून जी यादी विकली जाते ती तरी केवळ घडलेल्या गोष्टींची असते असे नाही. 1966 साली माँटे कार्लोस मॅकिनेनची मिनी सर्वांत पुढे होती. दिव्यांच्या नियमावरून तिला व तिच्या जोडीच्या गाड्यांना बाद केले आणि विजय सित्रोएन हाकणाऱ्या पाउली टॉयवोनेन यांस दिला गेला. पत्र्याला यातले काही ठाऊक नाही. चढ तेच, बर्फ तेच, वेळ तोच. बदलला तो पंचांचा कागद.

म्हणून आमची सूचना लहानशी आहे. सूचिपत्रातली यादी दोन स्तंभांत छापावी. पहिल्यात नंबराने काय काय केले ते असावे. दुसऱ्यात आज समोर उभ्या असलेल्या लोखंडाने. पहिला स्तंभ पुष्कळदा पानभर भरेल. दुसऱ्यात एखाद्या गाडीच्या नावावर मागचा अ‍ॅक्सल व उजवे दार इतकेच उतरेल, आणि तो पत्रा कोणत्या रॅलीत होता त्याचा दाखला. जुन्या कवचाचे काय झाले, ते कोणाकडे गेले, हेही तेथेच लिहावे. किंमत कोणत्या स्तंभावर लावावयाची, ते गिऱ्हाइकाने पाहावे.