लांबी

स्वतःच्या हातानं काहीतरी करावं ही खुमखुमी माणसाला साधारणपणे रविवारी सकाळी, दुसऱ्या चहानंतर येते. नोकरदार माणसाच्या घरातलं निम्मं नुकसान त्याच वेळेला होतं.

आमची मारुती आठशे 1992 सालची. इंजिन 796 सीसीचं, चाकं बारा इंची, लांबी सव्वातीन मीटरांहून जराशी जास्त. म्हणजे शृंगार करायला फारसं अंग नाहीच. तरी मी चौदा वर्षं हरलो नाही. चाकांना चकचकीत व्हील कप बसवले. दारांवर लाल रेडियमचे पट्टे चिकटवले. डावा पट्टा जाता जाता वर चढला आणि उजवा खाली उतरला. त्यामुळे आमची गाडी एका बाजूनं घाट चढत आणि दुसऱ्या बाजूनं उतरत असल्यासारखी दिसे. पांढुरक्या पडलेल्या बंपरला बुटाचं काळं पॉलिश चोळलं. ते पहिल्या पावसात ओघळलं आणि शेजाऱ्यांच्या पांढऱ्या पायजम्याला लागलं. आमची ही म्हणाली, "स्वतःच्या बुटांना कधी इतकं चोळलंत का हो?"

आता यात खोटेपणा आहे, असं मला कधीच वाटलं नाही. पट्ट्यांनी गाडी जोरात पळत नाही हे मला ठाऊक होतं, बघणाऱ्यांना ठाऊक होतं आणि गाडीला तर होतंच होतं. मी केसांना कलप लावतो तेव्हा तरी कोण फसतं?

2006 साली गाडी विकायची ठरली. पंधरा वर्षांची नोंदणी संपत आली होती. ड्रायव्हरच्या पायांखालचं मॅट उचललं, तर पावसाळ्यांचं पाणी मुरून पत्रा सडलेला, पंजाएवढं भोक! खरा उपाय एकच असतो. सडलेला पत्रा कापायचा आणि नवा वेल्ड करून घ्यायचा. नुसती लांबी भरली तर वरून गुळगुळीत दिसतं, पण खाली गंज आपलं काम करतच राहतो, आणि वजन पेलायची ताकद तर लांबीत नसतेच. हे सगळं माहीत असून मी खालून जाळीचा तुकडा लावला, लांबी भरली, पॉलिश पेपर घासला, वर रंगाचा फवारा मारला. काय सांगू, चौदा वर्षांत एवढं सफाईदार काम माझ्या हातून झालं नव्हतं!

गिऱ्हाईक आलं. तरुण शिक्षक, त्यांची बायको आणि चार वर्षांचा मुलगा. "काका, काय जपलीय हो गाडी!" असं ते म्हणताहेत तोवर चिरंजीव ड्रायव्हरच्या सीटपुढं उभे राहून नेमके त्याच जागी उड्या मारू लागले. धप्, धप्, धप्. प्रत्येक उडी माझ्या छातीत.

तेव्हा मला फरक कळला. हात तेच, पॉलिश पेपर तोच, रविवारही तोच. पण पट्टा म्हणतो, "इकडे बघा हो!" आणि ही लांबी म्हणत होती, "इकडे बघू नका." सजावटीला प्रेक्षक हवा असतो, फसवणुकीला गिऱ्हाईक.

मी मुलाला उचलून बाहेर घेतलं, मॅट काढलं आणि सगळं सांगून टाकलं. पोरगं उड्या मारत नसतं तर सांगितलं असतं का? प्रामाणिकपणाचं श्रेय घ्यायला निघालो की हा प्रश्न आडवा येतो, म्हणून मी ते घेत नाही.

चार हजार रुपये कमी झाले. पत्रा बदलून घ्यायचं त्यांनी कबूल केलं. निघताना शिक्षक संकोचून म्हणाले, "काका, रागावणार नसलात तर... ते पट्टे काढून टाकले तर चालतील ना?"

चार हजारांचं दुःख मी आठवड्याभरात विसरलो.