पट्टीवरचं नाव

रत्नागिरीतल्या एका कॉलेजच्या मुलींनी बास्केटबॉलचा कप जिंकला आणि आठवडाभरात दोघी मैत्रिणींचं बोलणं बंद झालं. कप काचेच्या कपाटात ठेवायचा होता. खाली पितळी पट्टी, तिच्यावर एकाच नावापुरती जागा. एक म्हणे, कॅप्टन मी. दुसरी म्हणे, शेवटची बास्केट माझी. ती पडली नसती तर पट्टी तरी कशाला लागली असती?

खेळाच्या बाईंनी दोघींना जिमखान्यात बोलावलं. रागावल्या नाहीत, मार्गारेट वेडची गोष्ट सांगितली.

अमेरिकेत मिसिसिपीतल्या डेल्टा स्टेट कॉलेजात मार्गारेट बास्केटबॉल खेळायची. १९३२ साली कॉलेजने मुलींचा संघच मोडीत काढला. का, तर हा खेळ नाजूक पोरींना झेपायचा नाही. (त्या इतके दिवस खेळतच होत्या, हे कुणाच्या ध्यानात आलं नसावं.) मुली रडल्या आणि त्यांनी आपले गणवेश जाळून टाकले. मार्गारेट पुढे शाळेत शिकवू लागली, तिथल्या मुलींना खेळवत राहिली. १९७३ साली त्याच कॉलेजला पुन्हा मुलींचा संघ हवासा वाटला, आणि त्यांनी साठीला आलेल्या वेडबाईंनाच प्रशिक्षक म्हणून बोलावलं. शेतात कापूस वेचलेली लुशिया हॅरिस, उंची सहा फूट तीन इंच, त्यांच्या हाताखाली आली. १९७५, ७६, ७७ अशी लागोपाठ तीन वर्षं राष्ट्रीय विजेतेपद त्यांच्याकडे. महिलांचं बास्केटबॉल ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदा आलं ते १९७६ साली, माँट्रियलला. तिथली पहिली बास्केटही लुशियाचीच.

"१९७८ पासून तिकडे कॉलेजच्या सर्वोत्तम खेळाडू मुलीला ट्रॉफी देतात, तिचं नाव वेड ट्रॉफी," बाई म्हणाल्या. "जिंकणारी बदलते. ट्रॉफीचं नाव मात्र, जिचा संघ बंद केला तिचं. स्प्रिंगफील्डच्या बास्केटबॉल संग्रहालयात मानकरी म्हणून पहिल्या तीन बायका आल्या त्या १९८५ साली. त्यांतही वेडबाई होत्याच."

"आपल्याकडची पहिली टीम कुणाची होती?" कॅप्टनने विचारलं.

बाईंनी वाळवीने कडा खाल्लेलं एक रजिस्टर तिच्यापुढे ठेवलं.

त्यातल्या बहुतेक जणी लग्न होऊन कुठे कुठे गेलेल्या. एक पावसला होती. रविवारी दोघी एसटीत बसल्या, एक पुढे, एक मागे. टीममधली तिसरी एक मुलगी बरोबर घेतली होती, कारण तिला घर माहीत होतं.

आजी अंगणात सुपारी सोलत होत्या. "सलवार घालून पोरी धावतात म्हणून बोभाटा झाला गो," त्या म्हणाल्या. "दुसऱ्या वर्षी टीम बंद. ते जाऊ दे. तुमची मॅच सांगा. किती पॉइंटांनी जिंकलात?"

"एका."

"म्हणजे शेवटच्या बॉलवर! कशी टाकलीस?"

दुसरीने उठून हातवारे करत सगळं सांगितलं: रिंगखाली दोघी अंगावर आलेल्या, ती डावीकडे सटकली, बॉल हातात, उडी. आजी पुढे सरकून ऐकत होत्या.

"थांब. बॉल हातात कुठून आला? पास कुणी दिला?"

"हिने," कॅप्टन म्हणाली.

तिसरी पाणी पीत होती. आजींनी सुपारीचं सूप बाजूला केलं आणि तिच्याकडे वळून विचारलं, "तुला कसं गो कळलं, ही डावीकडे मोकळी होणार ते?"