उसनं गाव

13 नोव्हेंबर 2022 ला म्युनिकच्या आलियान्झ अरेनात एनएफएलचा, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगचा, जर्मनीतला पहिला साखळी सामना झाला. सामना संपत आला असताना ध्वनिक्षेपकावर जॉन डेन्व्हरचं 'टेक मी होम, कंट्री रोड्स' लागलं. जवळपास 70 हजार प्रेक्षक ते गाऊ लागले, आणि खेळ पुढे सुरू व्हायचा म्हणून रेकॉर्ड थांबवली तरी गाणं थांबलं नाही. बव्हेरियातली माणसं वेस्ट व्हर्जिनियातल्या घराच्या आठवणीने गळा काढून गात होती. यातल्या बहुतेकांनी वेस्ट व्हर्जिनिया नकाशावरही शोधलं नसेल. पण त्यांना हसण्याआधी एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. 1971 मध्ये आलेलं हे गाणं डेन्व्हर आणि टॅफी निव्हर्ट यांच्यासोबत रचणाऱ्या बिल डॅनॉफने तोवर वेस्ट व्हर्जिनियात पाऊलही ठेवलं नव्हतं. कल्पना सुचली ती शेजारच्या मेरीलंडमधल्या एका रस्त्याने गाडीतून जाताना. न पाहिलेल्या गावाची हुरहूर एकाने लिहिली आणि 50 वर्षांनी ती न पाहिलेल्याच हजारोंनी गायली. या व्यवहारात फसलं कोण, हे सांगणं अवघड आहे.

युरोपात कंट्री संगीत एवढं का रुजलं, याचं ठरलेलं उत्तर 'अमेरिकेचं वेड' असं असतं. मला ते अपुरं वाटतं. नुसतं वेडच असतं तर ते अमेरिकेच्या झगमगाटामागे गेलं असतं, आणि त्यासाठी हॉलिवूड पुरेसं होतं. कंट्रीत झगमगाट कुठला? तिथे मोडकं कुंपण असतं, वाट पाहणारी आई असते, थकलेली उधारी असते, आणि रात्रभर ट्रक हाकणारा माणूस असतो. माझं म्हणणं असं, की युरोपीय श्रोत्याला यातून गाव हवं असतं. स्वतःचं गाव आठवणं या ना त्या कारणाने जिथे अवघड होऊन बसलं, तिथे त्याने ते उसनं आणलं. उसन्या गावाची एक मोठी सोय असते. तिथे आपल्या आजोबांनी काय केलं हे कोणी विचारत नाही, बांधावरून भावाशी बोलणं बंद झालेलं नसतं, आणि परत ये म्हणून कोणाची चिठ्ठीही येत नाही. नुसतं आठवायचं.

हे गाव उसनं देता यावं अशाच बेताने घडलेलं होतं. 1924 मध्ये 'नॅशनल बार्न डान्स' हा रेडिओ कार्यक्रम सुरू झाला तो शिकागोसारख्या महानगरात, टपालाने माल विकणाऱ्या सीअर्स-रोबक कंपनीच्या डब्ल्यूएलएस केंद्रावरून. केंद्राच्या नावातली तीन अक्षरं 'जगातलं सर्वांत मोठं दुकान' या बढाईची होती. पुढच्याच वर्षी नॅशव्हिलमध्ये, पुढे 'ग्रँड ओल ओप्री' म्हणून गाजलेला कार्यक्रम एका विमा कंपनीच्या केंद्रावर सुरू झाला. स्टुडिओत कोठाराचा देखावा उभारायचा, आणि शेतावरच्यांसोबत शेत सोडून कारखान्यात आलेल्यांनाही तो कानांनी दाखवायचा, असा हा धंदा. तेव्हा या गाण्यांतलं गाव पहिल्यापासून लांबूनच पाहिलेलं आहे. कंट्री गायक जॉनी कॅशचंच बघा. अमेरिकी हवाई दलात असताना, 1950च्या दशकाच्या सुरुवातीला, तो बव्हेरियातल्या लांड्सबर्गच्या तळावर होता. काम सोव्हिएत मोर्स संदेश टिपण्याचं. तिथेच त्याने गिटार घेतली, तिथेच सोबत्यांचा बँड जमवला, आणि फोल्सम तुरुंगावरचा चित्रपटही तिथेच पाहिला. 'फोल्सम प्रिझन ब्लूज'चं बीज त्या चित्रपटात आहे. कॅलिफोर्नियातल्या तुरुंगाचं गाणं असं म्युनिकच्या शेजारी रुजलं.

जर्मनीत स्वतःचं गाव आठवणं अवघड का झालं, हे उघड आहे. 'हायमाट', म्हणजे आपलं गाव, आपली माती, या शब्दाचा आणि त्यासोबतच्या लोकगीतांचा नाझींनी इतका वापर केला, की 1945 नंतर ती गाताना समंजस माणसाची जीभ अडखळायची. फ्रान्झ योझेफ देगेनहार्ट या गायक-कवीने 1960च्या दशकात या जुन्या गाण्यांचा बळी कोणी घेतला याचा हिशेब एका गाण्यातच मांडला. कोणी म्हणेल, लोकसंगीताचे कार्यक्रम जर्मन दूरचित्रवाणीवर वर्षानुवर्षं चाललेच की. चालले, आणि लोकांनी ते आवडीने पाहिले. पण त्यांतलं गाव इस्त्री करून ठेवलेलं होतं. कर्जाचा हप्ता आणि मालकाची मुजोरी यांना तिथे जागा नव्हती. 1974 मध्ये गुंटर गाब्रिएलने मालकाकडे पगारवाढ मागणारं गाणं म्हटलं ते कंट्रीच्या चालीवर, जर्मन भाषेत. हॅम्बुर्गच्या 'ट्रक स्टॉप' या बँडचं त्याच दशकातलं एक गाणं तर माझ्या मते या प्रकरणाची किल्ली आहे. जर्मन महामार्गावर एकजण गाडी हाकतो आहे. त्याला डेव्ह डडली, हँक स्नो, चार्ली प्राइड ऐकायचे आहेत, पण अमेरिकी फौजेचं एएफएन केंद्र तिथून फार लांब. टेनेसीला जायची त्याची काही इच्छा नाही. टेनेसीची आठवण काढणारं गाणं कानावर पडावं, एवढंच त्याला हवं आहे. उसनवारीची इतकी प्रामाणिक पावती क्वचितच कोणी लिहून दिली असेल. आता, वाइल्ड वेस्टचं जर्मन वेड नाझींच्या कितीतरी आधीचं आहे, हे खरं. कार्ल माय या जर्मन लेखकाने अमेरिका न पाहता विनेटू या मूलनिवासी नायकाच्या कथा लिहिल्या आणि त्या घरोघरी वाचल्या गेल्या. म्युनिकचा काउबॉय क्लब 1913 चा. पण तेव्हा ते गाव खेळण्यापुरतं होतं. युद्धानंतर तिथे राहायला जायची वेळ आली.

चेकोस्लोव्हाकियात अडचण उलटी होती. लोकगीतांवर तिथे बंदी नव्हती. 1948 नंतर सरकारने त्यांना इतकं कडेवर घेतलं की ती नकोशी झाली. भरजरी वेशातली सरकारी पथकं रंगमंचावर सुगीची गाणी म्हणत असताना प्रागमधली पोरं शनिवारी पाठीला पिशवी लावून वेगळ्याच गावाला निघायची. 'ट्रँपिंग'ची ही रीत पहिल्या महायुद्धानंतरची. व्ल्टावा आणि साझावा नद्यांच्या काठच्या जंगलात लाकडी खोपटी बांधायची, वस्त्यांना अमेरिकी पश्चिमेची आठवण देणारी नावं ठेवायची, रात्री शेकोटीभोवती गिटार काढायची. अगदी सुरुवातीच्या एका वस्तीचं नाव होतं 'हरवलेली आशा'. या तयार जोत्यावर 1960च्या दशकात कंट्री आणि त्याचीच शाखा असलेलं ब्लूग्रास उभं राहिलं. ब्लूग्रासला पाच तारांचा बँजो लागतो, आणि तो तिथे बाजारात मिळत नव्हता. 1964 मध्ये अमेरिकी लोकगायक पीट सीगर प्रागला गाऊन गेला. त्या कार्यक्रमाचे फोटो समोर ठेवून मार्को चेरमाक या तरुणाने बँजो बनवला. हे काम वाटतं तितकं सोपं नाही. या बँजोची पाचवी तार बाकीच्यांपेक्षा आखूड असते, तिची खुंटी टोकाला न बसवता दांडीच्या मध्येच बाजूला बसवलेली असते, आणि अंगठा पुन्हा पुन्हा त्याच तारेवर पडून एकच उंच स्वर टिपरीसारखा वाजत राहतो. खुंटी फोटोत दिसते, तिची जागा मोजता येते. अंगठ्याची चाल मात्र कानानेच शोधावी लागते. चेरमाक पुढे 'ग्रीनहॉर्न्स'मध्ये वाजवू लागला. 1970च्या दशकात इंग्रजी नाव सरकारला खपेना, तेव्हा बँडने त्याच अर्थाचं 'झेलेनाची' हे चेक नाव लावलं आणि गाणी चालू ठेवली. एप्रिल 1978 मध्ये खुद्द जॉनी कॅश प्रागला येऊन गायला. त्या मैफलीची रेकॉर्ड निघायला 1983 उजाडलं. फोटो पाहून बँजो बनवणाऱ्यांच्या या देशातले कारागीर आज अमेरिकी वादकांना बँजो विकतात.

यावर नेहमीचा आक्षेप असा की हा सगळा फौजेच्या रेडिओचा आणि रेकॉर्ड कंपन्यांचा प्रताप आहे. प्रताप होताच. पण त्याच एएफएनवरून जॅझ आला, रॉक अँड रोल आला. दार कोणी उघडलं ते यातून कळतं; पाहुणा मुक्कामाला का राहिला, आणि त्यातही शहरी पोरांपेक्षा ट्रकचालकाकडे का राहिला, ते कळत नाही. अमेरिकी कंट्री गायक जिम रीव्ह्ज 1964 मध्ये विमान अपघातात गेला. 1966 मध्ये त्याचं 'डिस्टंट ड्रम्स' ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर पोहोचलं. बीटल्सच्या ऐन भरातल्या वर्षी, एका मृत गायकाच्या संथ गाण्याने! नॉर्वेत तर तो घरचाच झाला. त्याचा तो मऊ, कसलीही घाई नसलेला आवाज गोव्यातल्या आणि मुंबईतल्या ख्रिस्ती घरांतही नाताळात ऐकू यायचा, आणि तिथे काही एएफएन नव्हतं.

दुसरं स्पष्टीकरण जास्त मोहक आहे: हे युरोपचंच संगीत, फिरून घरी आलेलं. पुरावे हवे तेवढे आहेत. 1916 ते 1918 या काळात सेसिल शार्पने अपालाचियाच्या डोंगरांत हिंडून इंग्लंड-स्कॉटलंडची जुनी कथागीतं टिपली. मार्टिन गिटारीचा मूळपुरुष 1833 मध्ये सॅक्सनीतल्या मार्कनॉयकिर्खनहून अमेरिकेला गेला. 'डोब्रो' गिटारीचं नाव दोप्येरा या स्लोव्हाक बंधूंवरून पडलं, आणि स्लोव्हाक भाषेत त्या शब्दाचा अर्थ 'चांगलं' असाही होतो. सुरुवातीचा कंट्री गायक जिमी रॉजर्स याचं योडलिंग आल्प्सच्या वळणाचं. पण ही वंशावळ अर्धीच आहे. बँजो आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्यांचा, स्टील गिटारीची ती घसरती मींड हवाई बेटांची. शिवाय वंशावळ बघून कोणी गाणं निवडत नाही. मूळ घरचं म्हणून आवडायचं असतं तर म्युनिककराचं योडलिंग त्याच्या उंबऱ्यापाशीच होतं. त्याला ते टेनेसीला जाऊन आलेलं हवं होतं, कारण त्या प्रवासात त्याच्यावरची घरची धूळ झडली होती.

माझ्या म्हणण्याला खरी अडचण आयर्लंडची आहे. तिथलं लोकसंगीत कलंकितही नाही आणि मेलेलंही नाही, तरी कंट्रीचं प्रेम अफाट. 2014 मध्ये डब्लिनच्या क्रोक पार्कवर अमेरिकी कंट्री गायक गार्थ ब्रुक्सचे पाच कार्यक्रम ठरले, 4 लाख तिकिटं विकली गेली आणि परवानगीच्या घोळात सगळे रद्द झाले. 2022 मध्ये त्याने येऊन पाचही रात्री भरून काढल्या. या देशाची लोकसंख्या 50 लाखांच्या आसपास. इथे उसनं गाव कशाला लागावं? उत्तराचा एक धागा 1935 च्या नृत्यगृह कायद्यात सापडतो. नाचाला परवाना लागू लागला तसे घराघरांतले नाच आक्रसले, माणसं मोठ्या हॉलमध्ये गेली, आणि तिथे शोबँडवाले जे वाजवतील त्यावर नाचू लागली. पारंपरिक संगीत हळूहळू स्पर्धांचं आणि राष्ट्राभिमानाचं झालं. त्याच्यापुढे ताठ बसावं लागे. आईची आठवण काढून सरळ रडायला लोकांना कंट्री बरं वाटलं. मात्र त्यांनी त्यात गावं आपलीच घातली. गायक बिग टॉम मॉनहन परगण्यातल्या कॅसलब्लेनीचा, डॅनियल ओ'डॉनेल डोनेगॉलच्या किनाऱ्यावरचा. ओ'डॉनेल तर चाहत्यांना घरी चहाला बोलवायचा आणि हजारो माणसं रांग लावून चहा पिऊन जायची. तेव्हा माझं विधान मला आवरतं घ्यायला हवं: आयर्लंडमध्ये गाव स्वतःचंच, उसना आहे तो फक्त गहिवर.

उरतो तो नीतीचा प्रश्न, आणि तो सर्वांत जड आहे. उसन्या गावात आपल्या आजोबांचा हिशेब द्यावा लागत नाही; पण त्या गावातही कोणाचे तरी आजोबा होते. ज्यांच्या जमिनी गेल्या ते मूलनिवासी होते, ज्यांच्या हातातून बँजो गोऱ्यांकडे गेला ते गुलाम होते, आणि युरोपातल्या बूट-हॅटच्या हौसेत त्यांची आठवण फारशी कोणी काढली नाही. 2024 मध्ये बियॉन्सेचं 'टेक्सस होल्डेम' ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं. त्यातला बँजो रिअॅनन गिडन्सने वाजवला आहे, आणि या वाद्याचा कृष्णवर्णीय इतिहास लोकांसमोर आणण्यात तिने कितीतरी वर्षं घातली आहेत. ऐकणाऱ्यांपैकी किती जणांना हे ठाऊक असेल, कोण जाणे. पण उसनं गाव पुरतं निर्धोक राहत नाही, एवढं मात्र ग्लासगोत दिसलं. तिथे गोव्हन रोडवर 1974 पासून 'ग्रँड ओल ओप्री' नावाचाच क्लब आहे; शनिवारी हॅट घालून लोक येतात, नाचतात, लटक्या पिस्तुलांच्या लढती खेळतात. तिथे अमेरिकी यादवीतल्या दक्षिणेचा, म्हणजे गुलामगिरी राखू पाहणाऱ्यांचा झेंडा वर्षानुवर्षं लावला जायचा. अलीकडे त्यावरून वाद पेटला, सदस्यांचं मतदान झालं आणि झेंडा उतरला, पण कौल काही एकमुखी नव्हता. त्या युद्धाशी यांतल्या कोणाच्या घराचा संबंध असेल असं वाटत नाही. तरी भिंतीवर काय राहावं आणि काय नको यावरून ग्लासगोच्या माणसांत दोन तट पडले, जसे ते कुठल्याही गावकीत पडतात.