खोलीचे भाडे कोणी कोणाला द्यायचे?

कंधार, लोहा, मुखेड या डोंगरपट्ट्यातून ऊसतोडीला जाणाऱ्या टोळ्यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. त्याच गावांतून पुण्याला वॉचमनकीला जाणाऱ्या जोडप्यांविषयी फारसे कोणी लिहीत नाही, कारण ती टोळीने जात नाहीत. एखादा भाऊबंद आधी गेलेला असतो, त्याचा फोन येतो: 'सोसायटीत जागा हाय, जोडपंच पाहिजे म्हणलेत, ऱ्हायला खोली हाय.' दोन दिवसांत गाठोडी बांधली जातात आणि नांदेडहून लोहा, लातूर करत पुण्याला जाणाऱ्या रात्रीच्या ट्रॅव्हल्समध्ये नवरा, बायको, एखादे लेकरू आणि ज्वारीचे पोते चढते.

पगार किती, हे बहुतेक वेळा खोलीच्या नंतर कळते. खोली मिळणार म्हटल्यावर पगाराची घासाघीस करायला तोंड उरत नाही. पुण्यात दहा बाय दहाची खोली घ्यायची तर डिपॉझिट द्यावे लागते, ओळखीचा माणूस लागतो, आणि गावाकडून नुकत्याच आलेल्या माणसाकडे दोन्ही नसते. त्यामुळे खोली हा उपकार वाटतो, आणि कामाचे मोल त्या उपकाराच्या ओझ्याखाली ठरते. माझे म्हणणे असे आहे, की हा हिशेब मुळातच उलटा मांडला गेला आहे. ती खोली वॉचमनला दिलेला पगार नाही. सोसायटीला चोवीस तास माणूस हवा असतो म्हणून सोसायटीने स्वतःसाठी केलेली ती व्यवस्था आहे.

ही खोली नीट पाहा. बहुधा ती पार्किंगमध्ये, जिन्याखाली किंवा मीटरच्या पॅनेलला लागून असते. दाराला लागून पंपाचा स्टार्टर, त्याच्या बाजूला खिळ्यांवर गच्चीच्या, क्लब हाउसच्या आणि गावाला गेलेल्या सभासदांच्या फ्लॅटच्या किल्ल्या. त्याच भिंतीवर लेकराचे दप्तर. खिडकी असली तर ती गेटकडे उघडते, म्हणजे झोपेतही गाडीचा हॉर्न ऐकू यावा. रात्री एकला कामावरून येणारा सभासद, दोनला पाण्याचा टँकर, पहाटे पाचला दूधवाला. टाकी भरून वाहू लागली की वरून फोन येतो, आणि नवरा झोपलेला असेल तर पंप बंद करायला बायको उठते. जिने तीच झाडते, कचरा वेगळा तीच करते, कुरिअर तीच ठेवून घेते. तिचे नाव मात्र कोणत्याही कागदावर नसते. 'जोडपे पाहिजे' ही जाहिरात दोन माणसे मागते आणि पगार एकाचा देते.

समजा, रोख दहा हजार ठरले. सोसायटीचे पदाधिकारी मोठ्या विश्वासाने सांगतात, 'अहो, खोलीचं भाडं सहा हजार धरा, सोळा हजार पडतात आम्हाला.' ठीक आहे, सोळा धरू. महिन्याचे ७२० तास गेटची जबाबदारी त्या खोलीवर आहे. सोळा हजारांना ७२० ने भागले तर तासाला २२ रुपये होतात, खोली वगळली तर १४. त्यातले काही तास तो झोपतो हे खरे. पण ती झोप त्याच्या मर्जीची नाही, आणि त्या तासांत तो सिनेमाला किंवा भाच्याच्या लग्नालाही जाऊ शकत नाही.

ज्याने कामाच्या जागी राहावे असे आपल्याला वाटते, त्याला त्याबद्दल जास्त पैसे द्यायचे की कमी? या प्रश्नाचे उत्तर महाराष्ट्र सरकारने केव्हाच दिलेले आहे, आणि मराठवाड्यातल्या प्रत्येक गावाला ते ठाऊक आहे. जिल्हा परिषदेच्या शिक्षकाने, ग्रामसेवकाने मुख्यालयी राहावे अशी अपेक्षा असते आणि त्यांना घरभाडे भत्ता मिळतो. गंगापूरचे आमदार प्रशांत बंब यांनी २०२२ मध्ये मुख्यालयी न राहता भत्ता घेण्याचा विषय विधानसभेत काढला तेव्हा केवढे वादळ उठले होते! शिक्षक संघटनांची बाजू अशी होती की गावात राहण्यासारखी घरेच नाहीत, आणि त्यात तथ्य होते. त्या वादात मला शिरायचे नाही. पण त्या भांडणात दोन्ही बाजूंना एक गोष्ट मान्य होती: राहण्याच्या खर्चाची रक्कम पगारापासून वेगळी असते. सरकारी निवासस्थान मिळाले तर भत्ता बंद होतो, मूळ वेतनाला आणि महागाई भत्त्याला कोणी हात लावत नाही. सातव्या वेतन आयोगानंतर केंद्राने हा भत्ता शहराच्या आकाराप्रमाणे मूळ वेतनाच्या २४, १६ आणि ८ टक्के ठेवला होता. म्हणजे लोह्यासारख्या गावात क्वार्टरमध्ये राहणारा केंद्राचा कर्मचारी त्या दराने वेतनाच्या आठ टक्क्यांएवढी रक्कम सोडत होता. पार्किंगमधल्या खोलीपायी वॉचमन, वरच्याच हिशेबाने, सोळातले सहा हजार सोडतो. मुख्यालयी अक्षरशः चोवीस तास राहतो तो हा माणूस, आणि मुख्यालयी राहण्याची सगळ्यात जड किंमतही तोच मोजतो.

आपल्याकडे याला जुनी वहिवाट आहे. मराठवाड्यात पाडव्याला साल ठरते. सालगड्याला वर्षाचे इतके रुपये, इतके धान्य, कपडे, आणि शेतातल्या आखाड्यावर राहायचे. गुरे सांभाळायची, रात्री-अपरात्री वीज येईल तेव्हा मोटर चालू करून पाणी द्यायचे. आखाड्यावरची झोपडी त्याच्या सोयीची नव्हती, गुरांच्या आणि पिकाच्या राखणीची होती. या पद्धतीचे गोडवे गाण्याचे कारण नाही. उचलीपायी साल संपता संपत नसे, आणि १९७६ मध्ये वेठबिगारीविरुद्ध कायदा करावा लागला तो असल्याच अनुभवांतून. तरीही सालात एक गोष्ट होती. काय द्यायचे आणि काय घ्यायचे, हे चार माणसांसमोर बोलले जाई. शहरातल्या सुशिक्षित सोसायटीत तेवढेही होत नाही.

लातूरला हीच पद्धत जरा बऱ्या कपड्यांत दिसते. नीटच्या तयारीसाठी राज्यभरातून मुले-मुली तिथे येतात आणि ट्युशन एरियाच्या भोवती इमारतीच्या इमारती हॉस्टेल झाल्या आहेत. मालक बहुधा दुसरीकडे राहतो, इमारत सांभाळते ती रेक्टर. मुलींच्या हॉस्टेलात ही बाई पुष्कळदा एकटी असते, विधवा किंवा नवऱ्यापासून वेगळी झालेली, स्वतःचे एखादे मूल तिथेच शिकवणारी. तिला खोली फुकट, मेसचे जेवण फुकट, आणि वर थोडी रोख रक्कम. हजेरी, फीची वसुली, तापाने फणफणलेल्या मुलीला मध्यरात्री दवाखान्यात नेणे, घाबरलेल्या पालकांचे फोन, परीक्षेच्या निकालाच्या रात्री जागे राहून दारे वाजवत फिरणे, ही सगळी तिची कामे. शेवटचे काम कोणत्या पगारात बसवायचे ते मला कळत नाही. तिला मॅडम म्हणतात, म्हणून तिच्या पगाराचा विषय काढणे अप्रशस्त समजले जाते. नोकरी गेली तर त्याच दिवशी डोक्यावरचे छप्पर, ताटातले जेवण आणि मुलाचा शाळेजवळचा पत्ता असे सगळे एकदम जाते. त्यामुळे ती कशालाच नाही म्हणत नाही. पगार कमी असण्यापेक्षा मला या गोष्टीची चिंता जास्त वाटते. घर आणि नोकरी एकाच माणसाच्या हातात असली की नाही म्हणण्याची ताकद संपते.

कायदा याबाबतीत आपण समजतो तितका मुका नाही. १९४८ च्या किमान वेतन कायद्याने वेतनाच्या व्याख्येतून घराची, दिव्याची, पाण्याची किंमत स्पष्टपणे वगळली होती. २०१९ ची वेतन संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली, तिनेही घराची किंमत वेतनाबाहेरच ठेवली. वेतनाऐवजी वस्तुरूपाने काही दिले तर एकूण वेतनाच्या १५ टक्क्यांपर्यंतच ते वेतनात धरता येते, असेही तिच्यात आहे. अगदी सैल अर्थ लावून खोलीला त्यात बसवले, तरी सोळातले सहा हजार खोलीत मोजण्याला जागा उरत नाही.

अडचण आहे ती दाद मागण्याची. केवळ सभासदांना सेवा देणारी सोसायटी हा उद्योग नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये सोम विहार प्रकरणात सांगितले. २०१८ मध्ये अरिहंत सिद्धी या महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात, जे एका वॉचमनच्याच नोकरीवरून उभे राहिले होते, तेच पुन्हा सांगितले. त्यामुळे औद्योगिक विवाद कायद्याचा रस्ता या माणसाला बंद झाला. १९८१ चा सुरक्षा रक्षकांचा राज्य कायदा आहे, पण तो एजन्सीमार्फत नेमलेल्या रक्षकांसाठी. सोसायटीने थेट ठेवलेला वॉचमन त्यातही येत नाही.

मग निदान लिहून का ठेवत नाहीत? विचारले की एकच उत्तर मिळते: 'लिहून दिलं की तो कब्जा सांगेल.' या भीतीला आज आधार नाही. गोव्यातल्या एका घराच्या वादात, मारिया मार्गारिदा सिक्वेरा फर्नांडिस प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये निःसंदिग्धपणे सांगितले, की राखणदार, वॉचमन किंवा नोकर कितीही वर्षे जागेत राहिला तरी त्याला त्या जागेत हक्क मिळत नाही. मालकी इतकी सुरक्षित झाल्यावर कागद टाळण्याचे कारणच उरत नाही. उलट, तो नोकरीपुरता राहतो असे लिहिलेला कागद सोसायटीच्याच उपयोगाचा आहे. तो वॉचमनच्याही उपयोगाचा होऊ शकतो, आणि मला वाटते, खरी टाळाटाळ तिथे आहे. कागदावर तास येतील, सुट्टी येईल, बायकोचे नाव येईल.

दुसऱ्या बाजूचे म्हणणे मी हलके मानत नाही. बारा फ्लॅटची, निवृत्त लोकांची सोसायटी असते. पूर्ण पगार द्यायचा तर मेंटेनन्स वाढतो, मग ते कॅमेरे लावतात, जोडप्याला काढतात आणि खोलीत सायकली ठेवतात. आणि ज्या कुटुंबासाठी आपण हे बोलतो, ते स्वतः काय म्हणते? लोह्याकडच्या बाईला विचारले तर ती सांगेल, उसाच्या फडापेक्षा हे शंभर पटीने बरे. पाचटाच्या खोपीत राहावे लागत नाही, लेकरू एका शाळेत टिकते, चार घरची धुणीभांडी मिळतात. हे सारे खरे आहे. पण उसाच्या फडापेक्षा बरे, ही काही न्यायाची मोजपट्टी नव्हे. फडावरचे जिणे आधी इतके वाईट आहे म्हणून पार्किंगमधले जिणे गोड लागते, एवढेच त्यातून सिद्ध होते. बारा फ्लॅटच्या सोसायटीला चोवीस तास माणूस परवडत नसेल, तर तिने आठ किंवा बारा तासांचा माणूस ठेवावा आणि उरलेल्या वेळी गेट आपले आपण उघडावे. परवडत नाही म्हणून चोवीस तास घ्यायचे आणि आठ तासांचेच द्यायचे, हे कोणत्याही दुकानात चालत नाही.

नोकरीपोटी मिळालेल्या घराकडे आपण किती उदार होऊ शकतो, याचे उदाहरणही महाराष्ट्रातच आहे. मुंबईतल्या बीडीडी चाळींत पिढ्यान् पिढ्या राहिलेल्या पोलिसांच्या कुटुंबांना पुनर्विकासात सवलतीने घर द्यायचे ठरले. किंमत आधी ५० लाख, मग २५, आणि २०२२ मध्ये १५ लाखांवर आली. पोलिसांना ते मिळाले याचा मला आनंदच आहे. त्यांची संख्या होती, संघटित आवाज होता. वॉचमन प्रत्येक इमारतीत एकटा असतो, आणि लोह्याचा वॉचमन मुखेडच्या वॉचमनला किराणा दुकानापलीकडे भेटत नाही.

बाहेरच्या देशांनी हा प्रश्न आकड्यांत बसवला आहे. कॅलिफोर्नियात सोळा किंवा अधिक घरांच्या भाड्याच्या इमारतीत जबाबदार माणूस राहता असणे सक्तीचे आहे. त्याच्या घराची किंमत किमान वेतनात धरायची तर आधी लेखी आणि राजीखुशीचा करार हवा, आणि तीही ठरावीक मर्यादेपर्यंतच धरता येते. ब्रिटनमध्ये एप्रिल २०२५ पासून प्रौढ कामगाराचे किमान वेतन तासाला १२.२१ पौंड होते, आणि मालकाने दिलेल्या घरापोटी त्यात धरता येणारी रक्कम दिवसाला १०.६६ पौंड. म्हणजे दिवसभराच्या निवाऱ्याची किंमत तिथे एका तासाच्या कामापेक्षाही कमी धरली. आपल्याला पौंडांची बरोबरी करायची नाही, तिथली पद्धत मात्र घेता येईल.

पुण्यात, लातुरात, नांदेडात ज्यांचे फ्लॅट आहेत त्यांत आपल्याच भागातून शिकून नोकरीला लागलेले असंख्य लोक आहेत. हे वाचणाऱ्यांपैकीही अनेक जण असतील. सोसायटीची वार्षिक सभा ३० सप्टेंबरपूर्वी घ्यावी लागते. यंदाच्या विषयपत्रिकेवर एक विषय घालायला सेक्रेटरींना आजच लेखी कळवा: वॉचमनचा रोख पगार खोलीची किंमत न धरता ठरवावा, तो नवरा-बायको दोघांच्या नावे बँकेत जमा व्हावा, कामाचे तास आणि आठवड्याची सुट्टी लिहून द्यावी, आणि नोकरी संपली तर खोली सोडायला निदान एक महिना मिळावा. ठराव मांडायला एक सभासद लागतो आणि अनुमोदनाला दुसरा. तो पहिला सभासद तुम्ही व्हा.