परसातली कुर्डू



कीर्तनात एक दृष्टांत नेहमी येतो. मन हे शेत, काम-क्रोध हे तण आणि नामस्मरण हे खुरपे. शेतकरी श्रोत्याला तो लगेच पटतो. पण दृष्टांत एकदेशी असतो. मनातले तण काढावेच. परसातल्या झाडाला ‘तण’ हे नाव कोणी दिले?

आमच्या मलकापुरात आता मोकळी जागा थोडी. हायवेच्या दोन्ही अंगांना इमारती, नळाला मीटर. त्या नळाचा एक थेंब न मागता भाद्रपदात मागच्या कोपऱ्यात कुर्डू कमरेएवढी होते. तुरा शेंड्याला गुलाबी, खाली पांढरा, उन्हात चांदीसारखा. हीच ज्वारीत उगवली की भांगलणाऱ्या बाया उपटून बांधावर टाकतात. ते योग्यच; तिथे ती पिकाचा घास खाते.

कोपरा साफ करून फरशी घालावी, असे घरात निघाले. तेव्हा कुर्डूची बाजू घ्यायला शेजारीण धावली, “अहो, कोवळ्या पानांची भाजी होते की!” होते, आणि चवीलाही बरी लागते. पण ही वकिली मला पुरती रुचत नाही. भाजी होते म्हणून ठेवायची, तर भाजी न होणाऱ्याचे काय? कामाला येतो तोवरच जवळ, हा न्याय मग थकलेल्या माणसालाही लागतो. सोप्यात खाट टाकलेल्या म्हाताऱ्याला ‘तुमचा उपयोग काय’ असे कोणी तोंडाने विचारत नाही. त्याला ते ऐकू येते.

सावता महाराज अरणचे माळी. पांडुरंग त्यांना मळ्यातच भेटला, असे आपण मानतो. माळी म्हटला की खुरपे आलेच. तेव्हा हातात खुरपे असणे आणि भूतमात्रात देव पाहणे यांत वैर नाही. खुरपे कशासाठी चालवायचे, एवढाच प्रश्न.

गाजर गवत मी ठेवत नाही. १९५० च्या दशकात ते पुण्याकडे दिसले आणि बघता बघता सगळीकडे पसरले. त्याने अंगाला खाज सुटते, दम्याच्या माणसाला त्रास होतो, शेजारी दुसरे काही नीट वाढत नाही. फुलण्याआधी, हातमोजे घालून मुळासकट उपटावे. निरुपयोगी म्हणून नव्हे, दुसऱ्याला जगू देत नाही म्हणून.

“मामा, साप येईल,” ही सूनबाईंची शंका मात्र खोटी नाही. पोरे तिथे खेळतात. म्हणून मोरीपासूनची वाट स्वच्छ केली, विटांचा ढीग हलवला. कुर्डू त्यापलीकडे आहे. वाळली की तिचे काळे, तुकतुकीत बी तिथेच पडेल.