हक्क बजावायचा कोणी?

17 मे 1954 रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘ब्राउन’ खटल्यात वर्णभेदी शाळा घटनाबाह्य ठरवल्या, हे सर्वश्रुत आहे. पुढची दहा वर्षे दक्षिणेत फारसे काही हलले नाही, हे मात्र क्वचितच सांगितले जाते. 1964 च्या सुमारास तिथल्या शंभर कृष्णवर्णीय मुलांपैकी फार तर दोन मुले गोऱ्या मुलांबरोबर शिकत होती. निकाल अमलात आणायचा तर गावोगावच्या आईबापांनी दावा लावायचा, वकील गाठायचा, नोकरी गमावण्याची तयारी ठेवायची. तोवर मूल शाळेबाहेर पडण्याच्या वयाचे व्हायचे. 1957 साली राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी लिटल रॉकमध्ये गोऱ्यांच्या शाळेत प्रवेश घेणाऱ्या नऊ कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांसाठी सैन्य धाडले खरे, पण गावागणिक सैन्य कुठून आणणार?

हा भार पालकांवरून सरकारवर आला तो 1964 च्या नागरी हक्क कायद्याने. केंद्राचा पैसा घेणाऱ्या संस्थेला वर्ण वा मूळ देश पाहून भेदभाव करता येणार नाही, असे त्याचे सहावे प्रकरण सांगते. पुढच्याच वर्षी केंद्राने शाळांना मोठे अनुदान सुरू केले आणि कलमाला वजन आले. आता शाळा मंडळालाच वर्णभेद मोडण्याची आपली योजना घेऊन वॉशिंग्टनसमोर उभे राहावे लागे. 1968 पर्यंत शंभरातल्या दोनांची जवळपास बत्तीस झाली. न्यायालये तीच होती, निकालही तोच होता. मग याच साच्यात 1972 साली लिंगभेद आणि 1973 साली अपंगत्व आले, तरी अपंगांविषयीचे नियम निघायला 1977 उजाडले, तेही सॅन फ्रान्सिस्कोतल्या सरकारी कचेरीत अपंग नागरिकांनी जवळजवळ चार आठवडे ठाण मांडल्यावर. सरकार आपणहून जागे होते, असा भ्रम कोणी बाळगू नये.

राज्यघटनेत शिक्षणाचा उल्लेख नाही, तेव्हा तो विषय राज्यांचा, हा आक्षेप जुना आहे. त्याला व्हर्जिनियातल्या प्रिन्स एडवर्ड काउंटीकडे पाहूनच उत्तर द्यावे. एकत्र शिकवण्यापेक्षा तिथल्या कारभाऱ्यांनी 1959 ते 1964 सार्वजनिक शाळाच बंद ठेवल्या. गोऱ्या मुलांसाठी खासगी शाळा उभी राहिली, कृष्णवर्णीय मुलांपैकी बहुतेकांची वर्षे वाया गेली. स्थानिक स्वातंत्र्य म्हणजे नेमके कोणाचे, हे तिथे उघडे पडले.

दुसरा आक्षेप मला अधिक अवघड वाटतो: पैशाची दोरी सत्ताधाऱ्याच्या हाती असते. तृतीयपंथी विद्यार्थ्यांविषयी ओबामा सरकारने 2016 साली दिलेली मार्गदर्शक सूचना 2017 साली मागे घेतली गेली. 2025 साली शिक्षण विभागाच्या नागरी हक्क कार्यालयाच्या बारांपैकी सात प्रादेशिक कचेऱ्या बंद करण्याचा निर्णय झाला, आणि त्याच वर्षी सहाव्या प्रकरणाचा धाक विद्यापीठांना दाखवला गेला. हत्यार दुधारी आहे, हे मान्यच करायला हवे. पण उपाय म्हणून केंद्राने हात काढून घेतला, तर हक्क बजावण्याचा भार राज्यांकडे जातो असे म्हणणे फसवे आहे. तो परत पालकांकडे जातो, आणि 1954 पेक्षा वाईट अवस्थेत. हेतू सिद्ध न होता केवळ परिणामातून दिसणाऱ्या भेदभावावर सहाव्या प्रकरणाखाली खासगी व्यक्तीला दावा लावता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2001 साली ठरवले आहे. अशी तक्रार घेऊन आईबापांना जायला उरते ती सरकारी कचेरीच.